पुंडलिकाची गोष्ट, विठ्ठलाचं नाव न घेता
पुंडलिकाची कथा भावगीतात आणायची तर एकच वस्तू धरा: वीट. आजारी वडिलांचे पाय चेपणारा मुलगा दाराशी आलेल्या मित्राला ‘जरा थांब’ म्हणतो, एवढंच मुखड्याच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, दोन ओळींत. पहिल्या अंतऱ्यात (कडव्यात) खोली, औषधं, जागरण. दुसऱ्यात कमरेवर हात ठेवून ताटकळणारा मित्र, आणि पायाखालची वीट अगदी शेवटच्या ओळीत. आधी आली की ऐकणारा कोडं सोडवून मोकळा होतो.

केरवा तालाचं आवर्तन (एक फेरी) ८ मात्रांचं, म्हणून ओळ १६ मात्रांची, म्हणजे दोन आवर्तनांची, ठेवली की चाल बांधताना ओढाताण कमी होते. ‘कृपा’, ‘चरण’, ‘माउली’ शिरले की अभंग होतो (आणि ते आपल्याकडे उदंड आहेत). तिसरा अंतरा बहुधा उपदेशच करतो, तो कापा.