ऑफिस अपग्रेडच्या आधी आउटलुक फॉर्मवाल्यांनी एवढं उरकून घ्या

ऑफिस 2016, 2019 आणि विंडोज 10, सगळ्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळं सांगलीत मार्केट यार्डाकडं बऱ्याच पेढ्यांवर नवीन कॉम्प्युटर आलेत, आणि ज्यांचे आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः बनवलेले फॉर्म आहेत त्यांनी जरा थांबा. आमचा हळदीच्या गाडीचा फॉर्म आहे, पोती आणि वजन टाकलं की एकूण क्विंटल आपोआप पडतं. नवीन मशीनवर फॉर्म उघडला तसाच पण एकूणचा रकाना कोरा, एरर नाही काही नाही, आणि मी दोन दिवस कोड तपासत बसलो. कोडला काही झालंच नव्हतं! सप्टेंबर 2017 च्या सिक्युरिटी अपडेटपासनं अशा फॉर्मची स्क्रिप्ट, म्हणजे त्यातला कोड, मुळातच बंद असते, जुन्या मशीनवर कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, चालू केलेली होती आणि ते कुणाला आठवतच नव्हतं.

म्हणून आधी जुन्या मशीनवर बसा. डेव्हलपर टॅबमधनं फॉर्म डिझाइनला उघडा, व्ह्यू कोड करा, सगळा कोड नोटपॅडमध्ये घेऊन पेनड्राइव्हवर टाका, फॉर्म ओएफटी, म्हणजे टेम्प्लेट फाइल, करून ठेवा. मग मेसेज क्लास, म्हणजे फॉर्मचं आतलं नाव, वहीत लिहून घ्या, आयपीएम डॉट नोट डॉट आणि पुढं जे नाव असेल ते, एक टिंब चुकलं तरी चालत नाही, कारण नवीन मशीनच्या रजिस्ट्रीत दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे डिसेबल-कस्टम-फॉर्म-आयटम-स्क्रिप्ट शून्य करायचं आणि दुसरं, ट्रस्टेड-फॉर्म-स्क्रिप्ट-लिस्टमध्ये हेच नाव घालायचं. नुसतं पहिलं करून भागत नाही, इथंच बहुतेक जण अडकतात. 2013 वरनं येत असाल तर रजिस्ट्रीत जुनं सगळं 15.0 या आवृत्तीच्या नंबराखाली सापडेल, नवीन 16.0 खाली करायचं. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी एक्सपोर्ट घ्याच.

नवीन ऑफिस 32 बिट का 64 तेपण बघा, फॉर्मवर जुनं 32 बिटचं ॲक्टिव्हएक्स कंट्रोल, म्हणजे बाहेरनं जोडलेलं बटण-रकान्यासारखं काही, असेल तर ते 64 मध्ये येणार नाही. वरच्या कोपऱ्यातलं न्यू आउटलुकचं बटण कुणाला दाबू देऊ नका, त्यात हे फॉर्म चालतच नाहीत.

नवीन मशीनवर फॉर्म पब्लिश करून, म्हणजे आउटलुकच्या आत नोंदवून, मगच तपासा, फाइलवरनं उघडलात तर स्क्रिप्ट चालत नाही. तरी जुनाच दिसला तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्समध्ये जाऊन कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, क्लिअर करा. आणि सौद्याचा एक अख्खा दिवस नवीन मशीनवर नीट निघेपर्यंत जुनं फॉरमॅट करू नका.