तब्येतीचा हिशेब कॅलेंडरवर कसा ठेवावा

खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ सांगायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की अंदाज येतो: पंचमीला पावणेचारच्या सुमाराला, अष्टमीला सहाला. पण त्यालाच ‘या आठवड्यात झोप किती झाली?’ विचारा, ‘झाली की बरी’ एवढंच उत्तर मिळेल. मी दोन वर्षांपासून हा हिशेब ठेवतो आणि प्रत्येक घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला तीनच गोष्टी निवडा: झोप, चालणं आणि मन. मी पहिल्यांदा अकरा गोष्टींची वही केली होती, ती नवव्या दिवशी बंद पडली.

लिहायची जागा म्हणजे दुधाचा हिशेब असतो ते भिंतीवरचं कॅलेंडर. पेन सुतळीने तिथेच बांधून ठेवा. सकाळी चहाचं आधण ठेवलं की आदल्या दिवसाच्या चौकटीत तीन आकडे लिहायचे. एखादा दिवस राहिला तर चौकट रिकामी सोडा, आठवून भरू नका.

झोप तासांत लिहा. मोठ्या माणसाला सात तास तरी हवी. चालणं मिनिटांत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि घाटी चढून वरच्या बागेत जाणं त्यात नक्की धरावं. फोन पावलं मोजतो खरा, पण आगरात शिंपणं करताना तो ओटीवरच राहतो. मनाला 1 ते 5 गुण द्या, फार विचार न करता.

ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी चौथा आकडा ठेवावा. यात घाई चालत नाही. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंडाचा पट्टा छातीच्या पातळीला हवा आणि हात टेबलावर टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिला बहुतेकदा थोडा जास्त येतो, म्हणून तो खोडू नका. घरी सतत 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता मीठ. कोकणात हे मोजल्याशिवाय बाकीचे आकडे अर्धवट राहतात. शिफारस आहे दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. ग्रॅम मोजत बसू नका. सुकट, सुका बांगडा, खारातली मिरची, लोणचं, पापड किंवा खारं आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) घातलेली सोलकढी पानात आली की चौकटीत एक टिंब द्या. आमच्या आईच्या कॅलेंडरवर मे महिन्यात टिंबं तुरळक होती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजं म्हावरं मिळेना, म्हणून डब्यातली सुकी मासळी बाहेर आली आणि टिंबं दाटली. त्याच आठवड्यांत तिच्या रक्तदाबाचा वरचा आकडा चढलेला दिसला. पावसात चालणंही थांबलं होतं, त्यामुळे सगळा दोष मिठाला देता येणार नाही. तरी तिने सुकट धुऊन, भिजवून, पाणी टाकून करायला घेतली, आमटीत मीठ कमी केलं आणि पडवीत येरझाऱ्या सुरू केल्या. गोळ्यांना मात्र हात लावला नाही. त्या डॉक्टरच कमीजास्त करतात.

महिना पुरा होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. गणपतीत चार रात्री जागरण झालं तर झोपेचे आकडे घसरणारच. पान उलटायच्या आधी शांतपणे बसून पाहा: मनाला 2 गुण पडले त्याच्या आदल्या रात्री झोप किती होती? चालणं कोणत्या वारी हमखास चुकतं? आमच्याकडे ते बाजाराच्या दिवशी चुकायचं, म्हणून त्या दिवशी रिक्षा एक थांबा आधी सोडायचं ठरलं. पुढच्या महिन्यात बदल एकच करायचा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर आकडे बघत थांबू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो घेऊन जा. आईच्या डॉक्टरांनी तो मोठा करून जून-जुलैच्या चौकटी एकेक करून पाहिल्या, आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, ‘पावसाळ्यात जेवायला काय असतं?’