लांब सूर, दहा बोटं: सिनेमाची थीम पियानोवर बसवताना

पियानोची पट्टी दाबली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. व्हायोलिनवादक गज ओढत सूर फुलवतो. पियानोवर ते शक्य नाही. सिनेमाची थीम एकट्या पियानोसाठी बसवताना माझे सगळे निर्णय याच गोष्टीपाशी येतात.

पहिली थीम बसवली तेव्हा ऐकू आलं ते सगळं मी घेतलं: चेलो, हॉर्न, हार्पची झुळझुळसुद्धा. महिनाभर घोटली. फोनवर रेकॉर्ड करून ऐकली, तर त्या गर्दीत धूनच सापडेना. तेव्हापासून मी दोनच ओळी लिहून सुरुवात करतो: वरची धून आणि खालचा बेस. बेस ऐकायला हेडफोन लावा, गती निम्मी करा. या दोन ओळींवरून थीम ओळखू आली तर पाया पक्का. नाही आली तर आधी बेस तपासा. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सी मेजर आहे म्हणून आपण खाली सी लिहून मोकळे होतो, आणि मुळात तिथे ई असतो. तो ईच ठेवा. प्रसंगातली हुरहूर कितीदा तरी अशा एका सुरावर टेकलेली असते.

मग स्केल. मूळ स्केलच धरून बसायची गरज नाही. धुनेचा सर्वांत उंच सूर शोधा. मिडल सीच्या, म्हणजे पियानोच्या साधारण मधोमध असलेल्या सीच्या वर दोन सप्तकं ओलांडली की तारा आखूड होतात आणि सूर चटकन विरतो. म्हणून तो सूर त्या हद्दीच्या आत येईल असं स्केल मी निवडतो.

डाव्या हातावर मात्र वेळ द्या. खर्जात तीन सुरांची कॉर्ड जवळजवळ दाबली की आवाज गढूळ होतो. खर्जातल्या एका सीमधून मुळातच वरचा सी, मग जी, पुन्हा सी, मग ई असे उपस्वर निघतात; खाली मोकळी जागा, वर दाटी. हातही तसाच पसरावा: सी, त्यावरचा जी आणि त्याच्याही वरचा ई. हात पुरत नसेल तर एकेक सूर वाजवा, पायाने दाबलेलं पेडल तिघांना धरून ठेवतं. जागा कमी पडली तर कॉर्डमधला पाचवा सूर (सीपासून मोजला तर जी) खुशाल सोडा. तिसरा (ई) सोडू नका. मेजर की मायनर ते तोच सांगतो.

आता खरी अडचण. स्ट्रिंग्जनी चार मात्रा धरलेला सूर पियानोवर दुसऱ्या मात्रेलाच ओसरतो. पुन्हा पुन्हा तोच सूर वाजवणं मला रुचत नाही. धून थांबते तिथे मधला आवाज चालता करावा: चेलोची उत्तरादाखल आलेली ओळ तिथे बसवा, किंवा डाव्या हाताचे सुटे सूर वर चढू द्या. कान हालचालीमागे जातो आणि वरचा सूर अजून वाजतोय असं वाटत राहतं. धून चालू झाली की मधल्याने गप्प बसायचं.

वरची धून करंगळी आणि अनामिकेवर येते, म्हणजे सर्वांत दुबळ्या बोटांवर. त्यासाठी एक सराव: धून मोठ्याने वाजवा, त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी पट्ट्यांना नुसता स्पर्श करा, आवाज न काढता. मग हळूच आवाज येऊ द्या. दुसऱ्या आवर्तनात धून एक सप्तक खाली आणून अंगठ्यांवर सोपवता येते. एकोणिसाव्या शतकात पियानोवादक थालबर्ग याच युक्तीने तीन हातांचा भास निर्माण करायचा. मला हे आवर्तन सर्वांत आवडतं, कारण धून तिथे चेलोच्या उबेत येते.

पेडल बेस बदलताना बदला: बोट खाली जाताना पाय वर, सूर लागला की पुन्हा खाली.

शेवट स्वतः लिहावा लागतो, कारण रेकॉर्डिंगमधला फेड-आउट इथे नाही. मी बेसचा एक सूर आणि त्याच्या खूप वर धुनेचा शेवटचा सूर ठेवतो, मध्ये काही नाही. पेडल दाबून हात उचलायचे आणि दोन्ही सूर पूर्ण विझेपर्यंत पाय हलवायचा नाही.