टेकऑफच्या वेळी दार उघडले तर आपले हात कोठे असावेत

टेकऑफच्या वेळी लहान विमानाचे दार अचानक उघडले तर काय करायचे, हे प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच शिकवले जाते आणि तोंडी परीक्षेत बहुतेक जण त्याचे उत्तर बिनचूक देतात: आधी विमान उडवायचे, दाराचे नंतर पाहायचे. उत्तर बरोबरच आहे. मात्र माझ्या शेजारचे दार प्रत्यक्ष उघडले तेव्हापासून मला सतत वाटत आले आहे की त्या क्षणी आपले हात आपल्याला न विचारता काय करू लागतात, हे या उत्तरात सांगायचे राहून जाते.

पायपर चेरोकी या विमानाला एकच दार असते, तेही उजवीकडे, पंखावर उतरण्यासाठीचे. त्याला बाजूला एक आणि वर छताजवळ एक अशा दोन कड्या असतात. माझे प्रशिक्षक मला एकट्याने सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) करण्यास सांगून त्या दाराने उतरले, त्यांनी बाहेरून दार ढकलले आणि मी आतून वरच्या कडीची मूठ फिरवली. मोकळ्या झालेल्या सीटच्या पट्ट्याचे टोक तेव्हा दाराच्या फटीत अडकलेले होते. पट्ट्याची जाडी ती केवढी, पण तेवढ्यानेही दार चौकटीत पुरते बसले नाही. मूठ फिरली, मात्र आतला आकडा अडकला नाही. चाके नुकतीच जमिनीवरून सुटली होती, तोच मोठा धडाका झाला, वाऱ्याच्या घोंगाटाने हेडसेटमधील आवाजही ऐकू येईनासा झाला, मांडीवरील कागद उडाला आणि उजवीकडच्या फटीतून खाली सरकत जाणारी धावपट्टी दिसू लागली. त्यातच बाहेर लोंबकळणाऱ्या पट्ट्याचे बक्कल पत्र्यावर ठणठण आपटत होते. तो आवाज इंजिनात काहीतरी तुटल्यासारखा येतो. अशा वेळी आरपीएमचा काटा आणि ऑइल प्रेशर यांवर एक नजर टाकावी. ते जागेवर असतील तर इंजिन ठीक आहे आणि आवाज बाहेरचा आहे, असे समजून चालावे.

आता ज्या सापळ्यासाठी हे सारे लिहीत आहे, त्याकडे येतो. डाव्या सीटवर बसलेल्या वैमानिकाचा डावा हात योकवर (विमान कलवण्याच्या आणि नाक वर-खाली करण्याच्या चाकावर) आणि उजवा हात थ्रॉटलवर (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) असतो. दार उजवीकडे उघडले की उजवा हात थ्रॉटल सोडून दाराकडे झेपावतो. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय नसतो, शरीरच तसे करते. शेजारची सीट रिकामी असेल तर दार हातभर लांब राहते, म्हणून खांदाही त्या दिशेने वळतो आणि कंबर झुकते. खांदा वळला की डाव्या हाताला योक हीच आधाराची वस्तू उरते आणि तो हात योक मागे आणि उजवीकडे ओढतो. परिणामी नाक वर जाते, उजवा पंख खाली जातो, वेग घटतो आणि आपले डोळे मात्र दाराच्या फटीकडे असतात. भरीस भर म्हणून थ्रॉटलला जागेवर धरून ठेवणारा फ्रिक्शन नट सैल असेल तर सोडलेला थ्रॉटल कंपनाने हळूहळू मागे सरकतो आणि शक्तीही कमी होते. म्हणजे चढाईत, जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर, स्टॉलला (वेग घटून पंखांची उचल सुटण्याला) लागणारी सगळी सामग्री एकाच हालचालीतून जमा होते, आणि त्यात त्या दाराचा स्वतःचा वाटा जवळजवळ नसतो. दार उघडल्याने सहसा विमान पडत नाही, दाराकडे गेलेल्या हाताने पडते. म्हणून उजवा हात थ्रॉटलवर दाबून ठेवा, नजर समोर नाकाकडे आणि वेगाच्या काट्याकडे ठेवा, आणि दार आपटते आहे तर आपटू द्या. सर्किटच्या उंचीवर पोहोचून विमान ट्रिम होईपर्यंत (योकवर जोर न देता स्थिर उडू लागेपर्यंत) त्याच्याकडे मान वळवण्याचेही कारण नाही. सीटचा पट्टा तर कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

घाबरून जाऊ नका, कारण दार निखळून जाईल ही पहिली भीती बहुधा निराधार असते. सेसना १७२ किंवा चेरोकीसारख्या विमानांच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या कडेला असतात. त्यामुळे समोरून येणारा वारा दार बंद करू पाहतो, तर केबिनच्या बाजूने वेगाने वाहणाऱ्या हवेचा कमी दाब ते बाहेर ओढतो, आणि या दोहोंच्या ओढाताणीत दार थोडेसे उघडे राहून तरंगते. बीचक्राफ्ट बोनान्झाच्या हँडबुकात ही फट सुमारे ३ ते ४ इंचांची सांगितली आहे आणि कामगिरी थोडी घटण्यापलीकडे उड्डाणाच्या गुणधर्मांवर परिणाम होत नाही, असेही नमूद केले आहे. ओढ किती मोठी असते याचा अंदाज घ्यायचा तर ७५ नॉटला (ताशी सुमारे १४० किलोमीटरला) समुद्रसपाटीवर हवेचा गतिज दाब सुमारे ९०० पास्कल भरतो, म्हणजे चौरस मीटरला ९० किलोंहून थोडा अधिक भार. त्याचा काही भागच दाराला लागतो, तरी तिरके बसून एका हाताने तो पेलणे कठीण असते. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दार लावायचेच तर आधी वेग कमी करावा लागतो.

सर्व विमानांना हे सरसकट लागू होत नाही. वर उघडणारी कॅनॉपी (कॉकपिटवरील पारदर्शक झाकण) काही विमानांत शेपटीवरील प्रवाह बिघडवते, आणि नाकातील सामानकक्षाचे झाकण उघडले तर आतील वस्तू प्रोपेलरवर आदळू शकते. तुमच्या विमानाचे हँडबुक यासाठीच वाचायचे असते.

धावपट्टीवर वेग घेत असतानाच दार उघडले आणि पुढे पुरेशी धावपट्टी उरली असेल, तर थ्रॉटल मागे घेऊन थांबावे. चाके सुटल्यानंतर मात्र उरलेल्या धावपट्टीवर विमान पुन्हा दाबून बसवण्याचा मोह टाळावा आणि नेहमीचीच चढाई करावी. सीमारेषा कोठे, हे त्या दिवशीचा वारा, वजन आणि धावपट्टीची लांबी पाहून थ्रॉटल पुढे ढकलण्यापूर्वी मोठ्याने बोलून ठरवावे, कारण धडाका झाल्यानंतर ठरवण्याइतका वेळ मिळत नाही.

उंचीवर गेल्यावर दार लावण्याचे उपाय आहेत. चेरोकीत वेग कमी करून, हवेचे झरोके बंद करून आणि डावीकडची छोटी खिडकी उघडून मग कड्या लावायच्या असतात. सेसना १७२ च्या जुन्या हँडबुकांत सुमारे ७५ नॉटला ट्रिम करून दार क्षणभर बाहेर ढकलून जोराने ओढण्यास सांगितले आहे. साइडस्लिप करून, म्हणजे विमान एका बाजूला कलवून तिरके सरकवून, दार आपोआप लावण्याची युक्ती अनेक अनुभवी मंडळी नवशिक्यांना उत्साहाने सांगतात. माझे स्पष्ट मत असे आहे की एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याने ती सर्किटमध्ये वापरून पाहू नये. स्लिप चुकीच्या बाजूला झाली तर दार अधिकच उघडते, आणि सर्किटमध्ये कमी वेगाने योक एका बाजूला आणि शेपटीचे रडर उलट बाजूला देणे हा स्वतंत्र धोका आहे. एकटे असाल तर दार तसेच राहू द्या आणि उतरा. प्रशिक्षक सोबत असतील तर त्यांनाच विनंती करा की सुरक्षित उंचीवर, आधी सांगून, हँडबुकात मनाई नसेल तर एकदा दार मुद्दाम उघडून तो आवाज ऐकवावा. जे प्रशिक्षक विद्यार्थ्याची प्रत्येक कडी स्वतःच लावून देतात त्यांच्यापेक्षा हा आवाज ऐकवणारे प्रशिक्षक मला अधिक मोलाचे वाटतात.

उतरताना घाई नको. टॉवरला एका वाक्यात कळवा, उत्तर ऐकू आले नाही तर दुसऱ्यांदा विचारा, आणि डाउनविंडवरील (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने उडतानाच्या) तपासण्या एकही न गाळता करा; उघड्या दाराच्या नादात चाके खाली करायचे विसरून विमाने पोटावर उतरलेली आहेत. फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) हँडबुकातील वेग काटेकोर सांभाळा. फ्लेअरमध्ये (चाके टेकण्याआधी नाक उचलताना) वाऱ्याचा दाब कमी झाला की दार झोक्याने उघडू शकते. शेजारी प्रवासी असेल तर ते धरण्यास त्याला आधीच सांगून ठेवा, नसेल तर उघडू द्या.

धावपट्टीवरून बाहेर येऊन विमान पूर्ण थांबवा, इंजिन बंद करा आणि मगच दाराला हात लावा; प्रोपेलर फिरत असताना कोणालाही बाहेर उतरवू नका. त्यानंतर घटना टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) नोंदवा, म्हणजे कडी, आकडा आणि दाराचे रबर मेकॅनिक तपासू शकेल. मी आता रिकाम्या सीटचा पट्टा आधी बक्कलात अडकवतो, फटीवरून बोट फिरवतो आणि दोन्ही कड्या लावल्यावर दाराची वरची कड तळव्याने बाहेर ढकलून पाहतो, कारण मूठ योग्य दिशेला दिसली म्हणून आकडा अडकलेला असतोच असे नाही.