लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांवर लायब्ररींचा मेळ कसा घालावा

समजा, मालवणमधल्या एखाद्या वाचनालयाला जुने मराठी अंक स्कॅन करून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्यांतला मजकूर काढायचा आहे. तिथल्या संगणकावर उबुंटू २२.०४ हे लिनक्सचं वितरण (म्हणजे लिनक्सची एक तयार प्रणाली) आहे. मदतीला आलेल्या मुलाने त्यासाठी छोटा प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर, डेबियन १२ या दुसऱ्या वितरणात, कंपाइल करून (मूळ कोडपासून चालवण्याजोगा बनवून) आणला, आणि इथे तो 'लिबटेसरॅक्ट.एसओ.५' ही लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) सापडत नाही म्हणून उघडतच नाही. अशा वेळी काय करावं?

१. नेमकं काय अडलंय ते पाहा. टर्मिनलमध्ये 'एलडीडी' कमांडला प्रोग्रामचं नाव द्या. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' दिसेल, ती लायब्ररी संगणकावर नाही. प्रोग्राम अनोळखी माणसाकडून आला असेल तर मात्र एलडीडी वापरू नका, कारण त्यातून तो प्रोग्रामच चालू होऊ शकतो. त्याऐवजी 'ऑब्जडम्प -पी' चालवून 'नीडेड'च्या ओळी वाचा.

२. ती फाइल कुठल्या पॅकेजात (वितरणाने बसवण्यासाठी बांधून दिलेल्या गठ्ठ्यात) आहे, हे वितरणालाच विचारा. डेबियन-उबुंटूवर 'एपीटी-फाइल सर्च', फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स', आर्चवर 'पॅकमन -एफ'. नावं अंदाजाने टाइप करत बसू नका. ती प्रत्येक वितरणात वेगळी असतात. टेसरॅक्टच्या मराठी डेटाचंच उदाहरण पाहा: डेबियनवर 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार', फेडोरावर 'टेसरॅक्ट-लँगपॅक-मार', आर्चवर 'टेसरॅक्ट-डेटा-मार'.

३. हवी ती आवृत्तीच नसेल तर? आपलं उदाहरण तेच आहे. उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्टची चौथी आवृत्ती आहे, डेबियन १२ मध्ये पाचवी. 'एसओ'नंतरचा आकडा बदलला की आतली रचना जुळेल याची खात्री उरत नाही. म्हणून ४ च्या फाइलला ५ चं नाव देऊन लिंक करणं, किंवा दुसऱ्या वितरणातली फाइल उचलून आणणं, हे कृपा करून टाळा. आज चाललं तरी पुढच्या अपडेटला भलतंच काहीतरी मोडतं आणि कारण सापडता सापडत नाही.

सरळ मार्ग म्हणजे 'लिबटेसरॅक्ट-डेव्ह' हे कंपाइल करायला लागणारं पॅकेज बसवून वाचनालयाच्या संगणकावरच प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणं. जीलिबसीचा, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या मूळ लायब्ररीचा, प्रश्नही त्यातच सुटतो: उबुंटू २२.०४ वर ती २.३५ आहे, डेबियन १२ वर २.३६. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं सहसा नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही.

४. अनेक वितरणं सांभाळायची असतील तर डिस्ट्रोबॉक्समध्ये (आहे त्याच लिनक्सच्या आत दुसरं वितरण चालवणाऱ्या साधनात) हवं ते वितरण उभं करा. प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट देणारं फ्लॅटपॅकही चालेल, पण त्याचं पहिलं डाउनलोड मोठं असतं.

५. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट आणि नेट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे पॅकेजेस मे महिन्यातच उतरवून ठेवा. 'एपीटी-गेट इन्स्टॉल'ला 'डाउनलोड-ओन्ली' जोडलं की फाइली 'व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज'मध्ये जमतात. त्या पेनड्राइव्हवरून त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर नेता येतात. फक्त एक बघा: पहिल्या संगणकावर आधीच असलेली पॅकेजेस त्यात येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात.