ग्रेटे प्रिट्स कित्तेल्सन यांचे एनॅमलचे भांडे: पारखावे कसे, जपावे कसे

नॉर्वेतील कॅथरिनहोल्म कारखान्याचे एनॅमलचे, म्हणजे पोलादावर काचेचा थर चढवलेले, जुने भांडे हाती आले, की बहुतेकांची नजर त्यावरील कमळाच्या पाकळ्यांवर खिळते आणि ते नॉर्वेच्या डिझायनर ग्रेटे प्रिट्स कित्तेल्सन यांचे म्हणून सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. पाकळ्यांची नक्षी दुसरे डिझायनर आर्ने क्लाउसेन यांची. आकार ग्रेटे यांचा, आणि आपल्या आकारांवर आलेली ही सजावट त्यांना रुचली नव्हती. त्यामुळे पारख करताना नक्षी क्षणभर विसरून भांडे डोळ्यांच्या पातळीवर धरावे आणि केवळ त्याची बाह्यरेषा पाहावी. लहानशा बुडापासून रुंद काठापर्यंत ती कुठेही न अडखळता जाते, हे एकदा लक्षात आले की नंतर नक्षीशिवायही ओळख पटू लागते.

ही रेषा सोनाराच्या हातातून आली आहे. ग्रेटे यांचा जन्म 1917 साली ऑस्लोत (तेव्हाचे क्रिस्टियानिया) सोनारकाम करणाऱ्या घराण्यात झाला. वडील याकोब प्रिट्स हे स्वतः सुवर्णकार, आणि जे. तोस्त्रुप ही पेढी घरचीच. चांदीच्या दागिन्यांवर एनॅमल चढवता चढवता त्यांनी तेच कसब पोलादाच्या रोजच्या भांड्यांवर आणले, आणि हाल्देन येथील कॅथरिनहोल्मने ती मोठ्या संख्येने बनवली. 1952 मध्ये त्यांना नॉर्डिक देशांतील डिझायनरांना दिला जाणारा लुनिंग पुरस्कार आणि 1954 मध्ये मिलानच्या त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात ग्रां प्री हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

आता बूड पाहावे. तेथे कारखान्याचा शिक्का असू शकतो, पण तो नसला म्हणून भांडे नकली ठरत नाही. खरी तपासणी काठाची असते. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात भांडे सावकाश फिरवून काठावरून बोटाचे टोक न्यावे. एनॅमल म्हणजे सुमारे 800 अंश सेल्सिअसला धातूवर वितळवून बसवलेली काचच असल्याने ते थंड आणि गुळगुळीत लागते. टवका उडालेल्या जागी नंतर रंग भरला असेल, तर ती जागा किंचित मऊ लागते आणि तिची चमकही वेगळी दिसते. विक्रेत्याने 'उत्तम स्थितीत' म्हटले तरी हे पाहावेच. या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज पुरतो. चिकट डागावर खाण्याच्या सोड्याचा लगदा काही वेळ ठेवून हलक्या हाताने पुसावे. तारेची घासणी काचेवर ओरखडे पाडते आणि डिशवॉशरमधील तीव्र पावडर कालांतराने तिची झळाळी घालवते, म्हणून दोन्ही टाळावीत. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये: काच आणि पोलाद सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे एनॅमलला तडे जातात.

टवका उडून पोलाद उघडे पडले असेल, तर ती जागा लगेच कोरडी करावी, नाहीतर गंज एनॅमलखाली सरकत जातो. असे भांडे अन्नासाठी वापरू नये. जुन्या लाल, नारिंगी आणि पिवळ्या एनॅमलमध्ये कॅडमियम असण्याची शक्यता असल्याने त्या रंगांत आंबट पदार्थही ठेवू नयेत. एकात एक बसणारी भांडी रचताना मात्र प्रत्येक दोहोंमध्ये जाडसर कापड घालावे, कारण माझ्या पाहण्यात काठाचे बहुतेक टवके वापरताना नव्हे, तर कपाटातून ओढून काढताना उडतात.