म्युझिक बिझनेस शिकताय? मग या चुका टाळा, आणि आधी गाण्याचा सातबारा वाचायला शिका

"मला म्युझिक इंडस्ट्रीत जायचंय, पण गायला नाही, मागचं काम करायचंय" असं म्हणणारी मुलं आता मुंबई-पुण्यातच नाही तर नाशिक-कोल्हापुरातही भेटतात. छानच आहे. फक्त डोक्यातलं चित्र असतं गळ्यात बॅकस्टेज पास, फेस्टिव्हल, आर्टिस्टसोबत गाडीतून प्रवास, आणि पहिली नोकरी लागली की समोर येते एक्सेल शीट, हजारो गाण्यांची, त्यात प्रत्येक गाण्याचा गीतकार कोण, संगीतकार कोण, कुणाचे किती टक्के, नाव कुठे चुकलंय हे शोधत बसायचं. हे कंटाळवाणं वाटत असेल तर ॲडमिशनच्या आधीच नीट विचार करा, कारण धंदा तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाणं ही एकच मालमत्ता आहे असं समजणं. गाण्याचे दोन सातबारे असतात. एक शब्द आणि चालीचा, तो गीतकार-संगीतकाराचा (किंवा त्यांच्या पब्लिशरचा, म्हणजे त्यांच्या वतीने हे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा). दुसरा रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, तो बहुतेक वेळा लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) किंवा ज्याने पैसे घातले त्याचा. पहिल्याची वसुली आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) करते, १९६९ पासूनची संस्था आहे, बदललेल्या कॉपीराइट कायद्याखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झाली. सार्वजनिक ठिकाणी रेकॉर्डिंग वाजवायचं लायसन बरीच मोठी लेबलं पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) या संस्थेमार्फत देतात, ती तर १९४१ ची. म्हणून हॉटेलवाला "एकदा लायसन घेतलं ना, मग परत कसलं?" असं चिडून विचारतो तेव्हा त्याला उत्तर देता आलं पाहिजे. आणि गायक? त्याचा हक्क परफॉर्मर म्हणून वेगळा, नुसतं गायलं म्हणून आयपीआरएसचे पैसे मिळत नाहीत. गायकांसाठी २०१३ साली इस्रा नावाने वेगळी संस्था नोंदवली गेली. हे तीन रस्ते डोक्यात स्पष्ट नसताना आर्टिस्ट मॅनेजर व्हायला निघालेले लोक मी खूप बघतो.

आपल्याकडची नेहमीची फसगत म्हणजे अभंग. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बँड अभंग रेकॉर्ड करतो, "तुकोबांचे शब्द आहेत, कॉपीराइट कसला" म्हणून अपलोड करून टाकतो. शब्द मोकळे आहेत, बरोबर. पण चाल संगीतकार श्रीनिवास खळ्यांची असेल तर? खळे २०११ मध्ये गेले, संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती चाल मोकळी नाही. क्रेडिटमध्ये "पारंपरिक" लिहून सुटका होत नाही, उलट ते खोटं ठरतं. स्वतः नवी चाल लावा नाहीतर परवानगी घ्या.

आता तो प्रश्न जो शिकत असतानाच कुणीतरी मित्र येऊन विचारणार: "गाणं वाजतंय, पण पैसे का येत नाहीत?" इथे लगेच डिस्ट्रिब्युटरला (गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीला) शिव्या घालू नका, आधी बघा की स्पॉटिफायवर त्या ट्रॅकचे मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झालेत का, कारण २०२४ पासून त्याखालच्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसे जमाच होत नाहीत. स्ट्रीम भरपूर असतील तर मेटाडेटा, म्हणजे गाण्यासोबत भरलेली नावं-क्रेडिटची माहिती, उघडा. मराठी नावांचा इथे फार घोळ होतो, रोमनमध्ये एकाच देशपांडेचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं, कधी मधलं नाव आहे कधी नाही, आणि मग सिस्टिमला ती तीन माणसं वाटतात. त्यानंतर विचारा की आयपीआरएसचा मेंबर झालायस, पण गाणी नोंदवलीस का? मेंबरशिप घेतली की काम झालं असं समजून लोक निवांत बसतात, अरे बाबा प्रत्येक गाणं टक्केवारीसकट तिथे टाकावं लागतं.

स्वतःच्याच गाण्यावर यूट्यूबचा क्लेम आला म्हणून घाबरून फोन येतो तोही ठरलेला. बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरने गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) टाकलेलं असतं आणि आर्टिस्टचं चॅनेल सूट दिलेल्या यादीत नसतं, एक मेल टाकला की सुटतं. पण बीट (तयार संगीताचा ट्रॅक) जर नेटवरून नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे इतरांनाही विकता येईल अशी, घेतलेली असेल आणि तीच बीट वापरून दुसऱ्या कुणीतरी आधी नोंद केली असेल तर प्रकरण जरा लांबतं. डिस्प्यूट टाका, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि बीटच्या लायसनची पावती हाताशी ठेवा. पावती नाही म्हणालात तर मग अवघड आहे.

डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनं गाणं आधी काढून मग नव्याकडे टाकणं हा अजून एक हमखास प्रकार. उलटं करा. नव्याकडे तोच आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तीच ऑडिओ फाइल, तेच नाव देऊन टाका, ते लाइव्ह झालं की जुनं काढा, नाहीतर जमलेले स्ट्रीम शून्यावर येतात आणि आर्टिस्ट तुमचं तोंड परत बघणार नाही.

करार न वाचणं यावर वेगळं काय बोलायचं. तरी दोन गोष्टी. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देताच येत नाही (सिनेमागृहात सिनेमासोबत वाजतं ते सोडून), त्यामुळे "एकरकमी घे आणि विसर" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. आणि करारात हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. मित्रामित्रांत तर स्प्लिट शीट (गाण्यात कुणाचा किती वाटा याचा कागद) करायची सगळ्यांना लाज वाटते, गाणं चाललं नाही तर काहीच होत नाही, चाललं की बँड फुटतो. रेकॉर्डिंगच्याच दिवशी कुणाचे किती टक्के ते लिहा, सह्या घ्या, निदान व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी सगळ्यांचं "ओके" घ्या.

मॅनेजर होणाऱ्यांनी कमिशन कशावर ते आधी ठरवा. साधारण १५ ते २० टक्के चालतं. पण १ लाखाच्या शोमध्ये वादक आणि प्रवासाचे ६० हजार गेले तर एकूण रकमेवर २० टक्के म्हणजे २० हजार, उरलेल्यावर धरलं तर ८ हजार. एवढ्यावरून नाती तुटतात.

कॉलेजचं बोलायचं तर, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी संगीत शिकवतात, म्युझिक बिझनेस नाही, हा फरक घरच्यांनाही नीट सांगा. परदेशी जायचं असेल तर फीच्या आधी व्हिसा बघा. अमेरिकेत पदवीनंतर साधारण १२ महिने काम करता येतं, वरचे २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) कोर्सना, आणि म्युझिक बिझनेसचे बहुतेक कोर्स स्टेममध्ये बसत नाहीत. तिथल्या १२ महिन्यांत कर्ज फिटेल हा हिशोब कागदावर मांडून बघा, एजंटच्या तोंडी नको. आणि तिकडून परत येऊन मुंबईत काम करायचं असेल तर भारतीय कॉपीराइट कायदा तुमचा तुम्हालाच वाचावा लागेल, तिथे तो कुणी शिकवत नाही.

इंटर्नशिपच्या मेलमध्ये "म्युझिक इज माय पॅशन" लिहू नका, प्रत्येकाचं असतंच. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या शाहिराची किंवा कॉलेजच्या बँडची १० गाणी घ्या, क्रेडिट नीट करा, कोड लावा, रिलीज करा, स्पॉटिफायला रिलीजच्या निदान ७ दिवस आधी पिच करा (प्लेलिस्टसाठी गाणं सुचवा), ३ महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि ते मेलला जोडा.